अनोळखी पाण्यात छोटी बोट कशी चालते

माझी भाची येत्या डिसेंबरात चिलीला निघाली आहे. साडेअकरा मीटर लांबीची शिडाची बोट, चार माणसं, त्यातली ही एक. पुएर्तो मॉन्त या बंदरातून सुटायचं आणि दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम अंगाला बेटांचा जो चुरा सांडलेला आहे, त्याच्या फटीफटींतून पुएर्तो विल्यम्सपर्यंत खाली उतरायचं. वाटेनं मोजलं तर हजाराहून जास्त सागरी मैल, म्हणजे दोन हजार किलोमीटरच्या घरात. त्यातल्या मोठ्या भागात किनाऱ्यावर रस्ते जवळपास नाहीत आणि वस्ती म्हणाल तर पुएर्तो एदेनसारखी मूठभर घरं.

ताईला हे कळलं तेव्हापासून तिच्या नागपुरातल्या बजाजनगरच्या घरी रोज तोच विषय. "अरे, पण मोबाईलमध्ये नकाशा असतो ना? आपण कुठं आहोत ते दिसतं ना?" मी कामानिमित्त बारा वर्षं गोव्यात होतो आणि तिथं शिडाच्या बोटी चालवायला शिकलो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. आपण कुठं आहोत ते दिसतं, पण खडक कुठं आहे ते दिसेलच असं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि छोट्या बोटीतून दुर्गम समुद्रात जाण्याची सगळी विद्या त्यांच्यातल्या फरकावर उभी आहे.

म्हणून एका रविवारी सकाळी मी ताईला झिरो माइल या जुन्या खुणेच्या खांबापाशी घेऊन गेलो. चार घोडे आणि खांब सगळ्यांना माहीत असतो. बाजूच्या जीटीएस दगडाकडे, म्हणजे देशाच्या जुन्या त्रिकोणमितीय मोजणीच्या दगडाकडे, कुणी फारसं पाहत नाही. तो 1907 सालचा. त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची त्याच्यावर कोरलेली आहे, साधारण 1020 फूट. समुद्रापासून इतक्या लांबच्या आपल्या गावाची उंची इतकी नेमकी कळते, कारण या देशाची जमीन माणसांनी अक्षरशः पायाखाली घालून मोजली. साखळ्या ओढत, टेकड्यांवर थिओडोलाइट हे कोन मोजायचं यंत्र चढवत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत. ज्यानं हे काम सुरू केलं तो विल्यम लॅम्बटन नागपूरकडे येताना 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे.

जमीन मोजणाऱ्याला एक मोठी सोय असते. तो जे मोजतो ते त्याला दिसतं. दोन खुणांच्या मध्ये टेकडी असेल तर ती डोळ्यांसमोर उभी असते. समुद्राचा तळ मोजणाऱ्याला ही सोय नाही. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्याकडे एकच साधन होतं: शिशाचं वजन बांधलेली दोरी. दोरी सोडायची, वजन तळाला टेकलं की किती वाव गेली ते मोजायचं, आकडा लिहायचा, बोट पुढे न्यायची, पुन्हा दोरी सोडायची. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर. कोकणातले मच्छीमार आजही हा शब्द वापरतात आणि इंग्रजांचा फॅदमही तेवढाच, सहा फूट. समुद्राच्या नकाशावर, म्हणजे चार्टवर, जे बारीक आकडे विखुरलेले दिसतात त्यातला एकेक आकडा म्हणजे कुणीतरी एकदा सोडलेली दोरी. दोन आकड्यांच्या मधलं पाणी कुणी पाहिलेलंच नसतं. तिथं वाळू असेल, नाहीतर घराएवढा सुळकाही असेल.

हे किती खरं आहे ते कॅप्टन कुकच्या एन्डेव्हर जहाजावर कळलं. 11 जून 1770 ची रात्र, ऑस्ट्रेलियाचा ईशान्य किनारा. दोरी टाकणारा माणूस नेमून दिलेला होता. 20-21 वाव पाणी लागत होतं, मग 17 लागलं. पुढची दोरी टाकायच्या आत जहाज प्रवाळावर चढलं. सतरा वाव म्हणजे शंभर फूट पाणी, आणि लगेच पुढे खडक! प्रवाळ असाच भिंतीसारखा उभा राहतो, आधी सूचना देत नाही. तोफा आणि सामान समुद्रात फेकून, जवळजवळ एक अख्खा दिवस झगडून त्यांनी जहाज सोडवलं.

आता ताईचा पुढचा प्रश्न: "हे अडीचशे वर्षांपूर्वीचं झालं. आता यंत्रं आली ना?" आली. आजचं सर्वेक्षण जहाज आवाजाच्या लहरींचा पंखा खाली सोडतं आणि तळाचा अख्खा पट्टा एका फेरीत मोजतं. पण अशी जहाजं महाग, समुद्र अफाट, आणि ती आधी कुठं जाणार? जिथं मालवाहतूक आहे तिथं. जगातल्या समुद्रतळापैकी एक चतुर्थांशाहून थोडाच जास्त भाग अशा आधुनिक पद्धतीनं मोजून झाला आहे. मुंबई बंदरात शिरणारी वाट झाडून मोजलेली असते. जिथं वर्षातून चार शिडाच्या बोटी जातात, तिथल्या चार्टवर दीडशे वर्षांपूर्वीचे आकडे असू शकतात. भाची जाते आहे त्या भागाच्या मोजणीचा पाया 1826 ते 1830 या काळात ब्रिटिश नौदलाच्या जहाजांनी घातला. त्यातलं एक बीगल. डार्विन त्याच्यावर चढला तो नंतर, दुसऱ्या सफरीत. पहिली सफर निव्वळ किनारे आणि खोली मोजण्यासाठी होती. त्यानंतर चिलीच्या नौदलानं पुष्कळ काम केलं आहे, पण ते मुख्य वाटांवर जास्त. आडबाजूच्या खाड्यांत चार्ट कोराच राहतो, आणि कोरा कागद म्हणजे खोल पाणी नव्हे. आमच्या गोव्यातल्या प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी हे आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं.

चांगली गोष्ट ही, की चार्ट स्वतःविषयी खरं सांगतो. फक्त विचारावं लागतं. आधुनिक इलेक्ट्रॉनिक चार्टवर प्रत्येक भागाला विश्वासाचा दर्जा दिलेला असतो. सर्वात वरचा ए1: जागा पाच मीटरच्या आत बरोबर. बी: पन्नास मीटर. सी: पाचशे मीटरपर्यंत चूक शक्य. त्याच्याखाली डी, आणि जिथं दर्जाच ठरवलेला नाही तिथं यू. पाचशे मीटर म्हणजे आपल्या बर्डीच्या बाजारात दुकान चार गल्ल्या सोडून दाखवण्यासारखं. गल्लीत ते चालून जाईल; वीस मीटर रुंद तोंड असलेल्या खाडीत शिरताना चालणार नाही. माझं ठाम मत आहे की अशा प्रवासाची तयारी दोरखंड आणि डबाबंद अन्नापासून नव्हे, तर या दर्जांच्या पानापासून सुरू व्हावी.

आता जीपीएस. ताईला पटायला सगळ्यात अवघड गेली ती ही गोष्ट, म्हणून जरा सावकाश सांगतो. पडद्यावरचा बोटीचा ठिपका उपग्रहांवरून येतो आणि तो काही मीटरच्या आत खरा असतो. पण ठिपक्याखालचा चार्ट ज्यांनी काढला त्यांच्याकडे उपग्रह नव्हते. त्यांनी रेखांश काढले तारे आणि घड्याळ यांच्यावरून. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. म्हणजे घड्याळ चार सेकंद चुकलं की रेखांश एका मिनिटानं, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागानं, चुकला, आणि विषुववृत्तावर एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1852 मीटर. त्या काळी महिनोन् महिने हेलकावे खाल्लेलं घड्याळ चार सेकंदांनी चुकणं काही अवघड नव्हतं. परिणाम असा, की एखाद्या बेटाचा आकार, त्याच्या खाड्या, खडक एकमेकांच्या मानानं अगदी बरोबर असतात, पण अख्खं बेटच चार्टवर सरकलेलं असतं. ग्लोबवर चिकटवताना चिठ्ठी वाकडी लागावी तसं. अशा ठिकाणी पडद्यावर बोट चक्क डोंगरावरून चालताना दिसते आणि बाहेर पाहावं तर ती खाडीच्या मधोमध असते. उलटही होतं: पडद्यावर मोकळं पाणी, समोर दगड. आणि खरा धोका या दुसऱ्या प्रकारात आहे.

मग करायचं काय? जीपीएस बंद करायचा नाही. त्याला विचारायचा प्रश्न बदलायचा. "मी पृथ्वीवर कुठं आहे" हे बाजूला ठेवून "मी या कड्यापासून किती लांब आहे" हे पाहायचं. रडार किनाऱ्याचं खरं अंतर सांगतो, चार्ट कितीही सरकलेला असो. होकायंत्रानं दोन सुळक्यांच्या दिशा घेतल्या की त्या सुळक्यांच्या मानानं आपली जागा कळते. तिसरा मार्ग अलीकडचा आणि मला फार आवडणारा: उपग्रहानं घेतलेले फोटो. ओपनसीपीएन नावाची फुकट प्रणाली आहे, तिच्यात हे फोटो चार्टसारखे बसवता येतात. फोटोतला किनारा उपग्रहाच्याच मोजमापात असतो, त्यामुळे तो ठिपक्याशी जुळतो. फोटो घरी असतानाच उतरवून ठेवायचे, कारण तिथं इंटरनेटवर भरवसा ठेवता येत नाही. भाची सध्या रात्री हेच करत बसते. मात्र ढगाखाली काय आहे आणि गढूळ पाण्यात किती खोल आहे, हे फोटो सांगत नाही.

नकाशा चांगला असूनही घात होतो, त्याचंही एक उदाहरण आहे. 29 नोव्हेंबर 2014 च्या रात्री वेस्तास विंड ही जागतिक शर्यतीतली 65 फुटी बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराहोस या प्रवाळपट्ट्यावर वेगात आदळली. नऊ जण होते, सगळे जगले, बोट मोडली. हा प्रवाळपट्टा शेकडो वर्षांपासून माहीत आहे आणि चार्टवर आहे. पण पडद्यावर चार्ट लहान करून पाहिला की बारीक तपशील गळतात. पूर्ण मोठा करून पाहिल्याशिवाय धोका नीट दिसतच नव्हता. कागदी चार्टवर असं होत नसे, तो जेवढा आहे तेवढा समोर पसरलेला असतो. म्हणून दुसऱ्या दिवशीची वाट आदल्या दिवशी सर्वांत मोठ्या प्रमाणावर, हाताच्या बोटानं पडदा ढकलत ढकलत, शेवटच्या सागरी मैलापर्यंत पाहायची असते. कंटाळवाणं काम आहे. ते टाळू नये.

चार्टवर नसलेले खडक असतात, तशी चार्टवर असलेली पण नसलेली बेटंही असतात. न्यू कॅलेडोनियाजवळचं सँडी आयलंड नकाशांवर शतकभराहून अधिक काळ होतं. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज तिथं गेलं, तर बेटाच्या जागी हजार मीटरहून खोल पाणी.

इतकं ऐकल्यावर ताई गप्प झाली. तेव्हा मला गोसीखुर्दची आठवण झाली. दोन वर्षांपूर्वी पवनीच्या बाजूनं धरणाच्या पाण्यात एका ढिवर मामांच्या डोंग्यातून फिरलो होतो. त्या पाण्याखाली जुनी शेतं आहेत, घरांची जोती आहेत, उभ्या झाडांचे खुंट आहेत, आणि पाणी चढतं-उतरतं तसे ते लपतात नाहीतर वर येतात. मामा बांबूनं तळ चाचपत, मधूनच डोंगा वळवत होते, मला तर सगळं पाणी सारखंच दिसत होतं. मी विचारलं, "मामा, कसं कळते तुम्हाले?" ते म्हणाले, "पाणी पाहा लागते जी. खाली खुंट असला का वरचं पाणी येगळं चालते." दूरच्या समुद्रातली छोटी बोट शेवटी याच दोन गोष्टींवर चालते: बांबू आणि पाणी पाहणं.

बांबूच्या जागी बोटीला खोलीमापक यंत्र असतं. बहुतेक यंत्रं बोटीच्या पोटाखाली किती पाणी आहे ते सांगतात, पुढे किती आहे ते नाही. म्हणून अरुंद जागी अगदी हळू, माणूस चालतो त्याहून कमी वेगानं जायचं, आणि शंका आली तर छोटी रबरी होडी पुढे पाठवून दोरीनं खोली घ्यायची. शिशाच्या वजनाच्या बुडाला एक खळगा असतो. त्यात चरबी किंवा ग्रीस भरलं की तळाची वाळू, चिखल किंवा शिंपले चिकटून वर येतात. इथं नांगर धरेल की घसरेल, हे त्यावरून कळतं. कुठल्याही पडद्यापेक्षा हे जुनं तंत्र इथं वरचढ आहे.

पाणी पाहणं प्रत्येक समुद्रात वेगळं. प्रवाळाच्या उष्ण पाण्यात रंग पाहतात. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवट म्हणजे वाळूवरचं कमी होत जाणारं पाणी, पांढुरकं म्हणजे अगदी उथळ, तपकिरी म्हणजे प्रवाळ. हे रंग सूर्य डोक्यावर आणि पाठीमागे असतानाच दिसतात, साधारण सकाळी दहा ते दुपारी दोन-तीनपर्यंत. समोरून ऊन आलं की सगळा समुद्र नुसता चकाकतो. त्यामुळे प्रवाळी खाडीत शिरायची वेळ भरतीइतकीच सूर्यावरून ठरते. एकजण डोळ्यांना पोलराइज्ड चष्मा लावून नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभा राहतो, शक्य असेल तर डोलकाठीवर चढतो. लक्षद्वीपच्या एका सफरीत ते काम माझ्याकडे होतं. पुढच्या काळसर डागाला मी ढगाची सावली समजलो आणि हात करून पुढे चला सांगितलं. सुकाणूवरच्या बाईंनी विचारलं, "डाग सरकतोय का?" सरकत नव्हता. त्यांनी बोट तिथूनच मागे घेतली. सावली सरकते, प्रवाळ सरकत नाही. माझा चेहरा पांढरा पडला होता.

चिलीच्या त्या भागात रंगांचा उपयोग नाही. हिमनद्यांचं दुधी पाणी आणि जंगलातून आलेलं चहासारखं पाणी, दोन्हींतून काही दिसत नाही. तिथं खूण म्हणजे केल्प, लांब पट्ट्यांचं समुद्री शेवाळ. ते वाळूत रुजत नाही, खडकालाच धरतं, आणि वर येऊन पृष्ठभागावर तरंगतं. म्हणजे निसर्गानं खडकावर झेंडा लावून ठेवला आहे. फक्त प्रवाह जोराचा असला की झेंडा पाण्याखाली आडवा होतो, हे लक्षात ठेवायचं.

"मग मोठं जहाज का नाही घेत?" असं भाऊजींनी विचारलं. कारण अनोळखी पाण्यात लहान असणं हीच ताकद आहे. 1845 मध्ये फ्रँकलिनच्या मोहिमेची एरेबस आणि टेरर ही दोन मोठी जहाजं कॅनडाच्या उत्तरेच्या वायव्य मार्गाच्या शोधात गेली. बर्फात अडकली, 129 माणसं गेली. रोआल्ड अमुंडसेन 1903 मध्ये ग्योआ या साधारण 21 मीटरच्या जुन्या मासेमारी बोटीतून सहा सोबत्यांसह निघाला आणि 1906 मध्ये तो मार्ग पार केला. ग्योआ उथळ पाण्यात चालणारी होती, म्हणून किंग विल्यम बेटाच्या दक्षिणेच्या अशा सामुद्रधुनीतून गेली जिथं मोठ्या जहाजांना जागाच नव्हती. सात जणांना शिकारीवर जगणंही जमलं. भाचीची बोट 1.4 मीटर पाण्यात बसते. दोन मीटर पाणी असलं तरी ती आत शिरू शकते, आणि तिथल्या रात्रीच्या आसऱ्यासाठी तेच लागतं.

कारण तिथला वारा. डोंगरमाथ्यावरची थंड, जड हवा उतारावरून एकदम खाली कोसळते. शांत खाडीत मिनिटाभरात वादळ उठतं. नुसत्या नांगरावर बोट गरगर फिरते आणि नांगर उखडतो. त्यामुळे बोटी अगदी चिंचोळ्या खाचेत शिरतात, नांगर टाकून मागे मागे किनाऱ्याकडे सरकतात, आणि दोन ते चार लांब दोर नेऊन झाडांना बांधतात, गोठ्यातल्या गाईसारख्या. झाडं उंच आणि सरळ वाढलेली असतील ती जागा निवडायची. जिथं झाडं एका बाजूला वाकलेली, तिथं वारा रोजचा.

अशा चालीनं दिवसाला तीस-चाळीस सागरी मैल होतात, तेही उजेडातच. म्हणजे सकाळी नागपूरहून निघून संध्याकाळी वर्धा. मोकळ्या समुद्रात रात्रंदिवस चाललं तर अशी बोट चोवीस तासांत साधारण 220 किलोमीटर जाते. नागपूर-मुंबई चार दिवस. वारा बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणून प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे. मध्ये गोल्फो दे पेनास हा उघड्या महासागराचा तुकडा येतो, नावाचाच अर्थ यातनांचं आखात. तिथं अनुकूल हवामानासाठी आठवडाभर थांबायची तयारी हवी. निघण्यापूर्वी चिलीच्या नौदलाकडून लेखी परवाना घ्यावा लागतो आणि वाटेत आपली जागा त्यांना कळवत राहावी लागते. हा जाच नाही. शोध घ्यायची वेळ आली तर तेवढाच धागा.

मदतीबद्दल ताईशी मी लपवाछपवी केली नाही. बोटीवर आपत्कालीन बीकन असतं. ते 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देतं आणि ती हाक पोचते. पण हाक पोचणं आणि माणूस पोचणं यांत वेळ जातो. 2018 च्या सप्टेंबरात आपले अभिलाष टॉमी, एकट्यानं शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत असताना, दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले, डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली. जागा माहीत असूनही फ्रेंच जहाज त्यांच्यापर्यंत पोचायला तीन दिवसांच्या आसपास लागले. तोवर माणसानं आणि बोटीनं टिकायचं. म्हणून औषधं, सुटे भाग, दुरुस्तीची हत्यारं, डिझेल आणि महिना-दोन महिन्यांचं अन्न. आणि म्हणूनच खडक आधी दिसायला हवा.

गेल्या आठवड्यात भाचीनं लोहारओळीतून दोन किलोचं शिशाचं वजन आणलं, बुडाला खळगा करून घेतला. बैठकीत तीस मीटर दोर पसरला होता आणि ताई प्रत्येक मीटरवर लोकर गुंफत होती, अंधारात बोटांना कळावं म्हणून गाठ प्रत्येक ठिकाणी वेगळी. मला पाहून म्हणाली, "दोन मीटरला लाल घेतलं आहे. बरोबर ना? त्याच्या आत यायचं नाही."